माळ्यावरची गिटार

शनिवारी सकाळी साडेनऊला कॅमेरा घरात शिरला, तेव्हा आपल्या घराला दार असायला हवं होतं, असं रामहरीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. फार तर पडदा, आणि कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी. रामहरीची बायको सुकन्या पाच वर्षं मागे लागली होती, की पोरगी मोठी झाली, आता मागच्या खोलीला तरी दार बसवा. रामहरी ऐकत नव्हता. "दार बसवायचं म्हंजी गावात चोर हाय आसं कबूल करायचं," असं तो म्हणायचा, आणि ऐकणारे माना डोलवायचे. माणूस श्रद्धेचा म्हणून त्याचं नाव होतं. आता खरं सांगायचं तर गावात एक चोर होता. तो स्वतः रामहरीच होता. त्यानं चोरलेली गिटार त्या घडीला मागच्या खोलीच्या माळ्यावर, काळ्या कापडात गुंडाळलेली पडून होती. वीस वर्षं ती तिथंच होती.

आणि त्याच खोलीत आता दोन दिवे उभे राहिले होते, वायरी पसरल्या होत्या, आणि मनवा नावाची सव्वीस वर्षांची मुलगी त्याच्या सदऱ्याला इवलासा माइक लावत म्हणत होती, "काका, मोकळेपणानं बोला. समजा, मी नाहीच इथे."

मनवा नगरची, सावेडीची. ती 'लोडशेडिंग'वर माहितीपट करत होती. म्हणजे वीज जायची त्यावर नाही, त्या नावाच्या बँडवर. वीस वर्षांपूर्वी नगरच्या कॉलेजातल्या तीन पोरांनी हा बँड काढला होता. त्यातला एक धवल. घरात सगळे शिक्षक आणि कारकून, त्यामुळे ह्याला ओरडायची फार हौस. त्याच्या मावसभावानं पुण्याहून परदेशी पंक बँडची एक कॅसेट आणली आणि ती ऐकून धवलचं डोकं फिरलं. तीन सूर, बेंबीच्या देठापासून आरडाओरडा, दोन मिनिटांत गाणं खलास. "ह्याला शिकावं लागत नाही," असं धवलनं जाहीर केलं, आणि ही गोष्ट दुसऱ्याला, म्हणजे रामहरीला, फार पटली, कारण त्याला काहीच येत नव्हतं. त्याच्याकडे उधारीवर आणलेली बेस गिटार होती आणि तिच्यावर तो एका वेळी एकच तार वाजवायचा, तीही बऱ्याचदा उशिरा.

तिसरा छगन. पाथर्डीकडचा, आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. खरा वाजवणारा तोच. ड्रम घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून रामहरीच्या वडिलांच्या, काकासाहेबांच्या, घरापुढच्या पूजेच्या दुकानातले तेलाचे रिकामे डबे त्याने पालथे मांडले. पंधरा किलोचा डबा वेगळा वाजतो, पाच किलोचा वेगळा, तळाशी बोटभर तेल राहिलेला आणखी वेगळा, हे त्यानं एका दुपारीत शोधून काढलं. नगरला दिवसाचे आठ-आठ तास लाईट नसायची, आणि असली की शेजारी भांडायला यायचे. रामहरीच्या घरी मात्र दुकानाचा जनरेटर होता. म्हणून दर आठवड्याला हे तिघं शिंगणापूरच्या ह्याच मागच्या खोलीत जमायचे आणि काकासाहेब डिझेलच्या नावानं ठणाणा करीपर्यंत वाजवायचे.

"गेली रं गेली, लाईट गेली, मोटार बसली, भाकर जळाली, साहेबाच्या घरी पंखा चालू, आमच्या घामाला वारा घालू!" हे त्यांचं गाणं एका कार्यक्रमाच्या जुन्या कॅसेटमधून मनवाच्या हाती लागलं होतं. तिनं ते इंटरनेटवर चढवलं आणि जी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती ती त्यावर उड्या मारायला लागली.

"पप्पा पंक होते," असं रामहरीची बारावीतली पंकजा सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटली. तिच्यामुळेच तो मुलाखतीला होय म्हणाला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि पोरीच्या डोळ्यांत एवढं कौतुक त्याने कधी पाहिलं नव्हतं. बापाला असं कौतुक एकदा मिळालं की सोडवत नाही.

"बँड का संपला?" मनवानं विचारलं.

हे उत्तर रामहरीनं तीन दिवस पाठ केलं होतं. "तसं काय खास न्हाई. पुन्याला स्पर्धा हुती. आदल्या दिवशी धवलची गिटार गायब झाली. मग जानं ऱ्हायलं. पुढं परीक्षा, लग्नं, धंदा. सगळ्यांचं आसंच आसतंय."

"गायब म्हणजे चोरीला गेली?"

"आमच्या गावात चोरी हुत न्हाई."

"मग गेली कुठे?"

रामहरी हसला. डोक्यावर माळ्याच्या फळ्या होत्या, आणि मान वर करायची नाही एवढंच तो स्वतःला बजावत होता.

झालं होतं ते असं. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात रामहरीनं पडद्याबाहेरून धवलचं बोलणं ऐकलं. "राम्या ताल सोडतो रे. पुण्यात माझ्या ओळखीचा एक बेसवाला आहे, तेवढ्यापुरता त्याला घेऊ." छगन त्यावर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. हे ऐकल्याचं रामहरीनं कुणाला सांगितलं नाही. बँड त्याच्या घरात वाजायचा, डबे त्याच्या बापाचे, डिझेल त्याच्या बापाचं, आणि पुण्याला जायचं ते त्याला सोडून. दोन दिवस गिटार लपवायची, स्पर्धा टळली की सापडली म्हणायचं, एवढाच त्याचा बेत होता. धवल गिटार खोलीतच ठेवून आधी गेला होता; छगन शेवटी डबे आवरून निघाला, तसा रामहरी ती घेऊन शिडीनं माळ्यावर चढला.

दुसऱ्या दिवशी धवल आला, त्यानं खोली धुंडाळली आणि त्याला रडूच फुटलं. पोलिसात जायचं म्हणजे शिंगणापुरात चोरी झाली हे लिहून द्यायचं. ते कोण देणार? काकासाहेबांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं, "ज्यानं नेली त्याला देव दाखवील." मग धवलनं रामहरीला विचारलं, "शेवटी खोलीत कोण होतं?"

"छगन," रामहरी म्हणाला.

एकच शब्द, आणि म्हटलं तर खोटाही नाही. पण छगन ऊसतोड्याचं पोर होतं. त्या एका शब्दाच्या पुढे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. छगननं कॉलेज सोडलं आणि आईबापांच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेला. पंधराव्या दिवशी ट्रॉलीत ऊस भरताना तारेचा दोर सुटला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बातमी शिंगणापुरात आली तेव्हा दुकानासमोर लोक एकमेकांना हाताची बोटं दाखवून सांगत होते, की पंधरा दिवस, फक्त पंधरा दिवस लागले देवाला.

आता गिटार खाली काढायची म्हणजे देव चुकला असं म्हणायचं. ती हिंमत रामहरीला झाली नाही. तो आपली शिक्षा यायची वाट पाहत बसला. मोटारसायकल घसरली तेव्हा वाटलं, आली. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा वाटलं, आली. पंकजाला कावीळ झाली तेव्हा तर तो रात्रभर दवाखान्याच्या जिन्यात उभा होता. पण पोरगी बरी झाली, दुकान वाढलं, दोन माणसं कामाला आली. काहीच झालं नाही, आणि त्यानंच तो आतून पोखरला गेला. आई, कडूबाई, दर दिवाळीला माळा झाडायची आणि तो एक कोपरा तेवढा सोडायची. तिला माहीत होतं की नाही हे तिला विचारायचं धाडस त्याला शेवटपर्यंत झालं नाही. तीन वर्षांपूर्वी तीही गेली.

"धवलकाका काय म्हणालेत ते दाखवते," असं म्हणून मनवानं टॅबलेट पुढे धरला. धवलचं डोकं आता अर्धं टकलं झालं होतं, मागे पुण्यातल्या ऑफिसची काच होती. तो म्हणत होता, "कुणी नेली ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही. त्याला त्याचं फळ मिळालं. गरीब माणूस, जाऊ दे." टॅबलेटमधला धवल उदारपणे हसला. रामहरीला त्या हसण्याची शिसारी आली, आणि आपण त्याच्यापेक्षा चांगले कुठे आहोत हेही लगेच आठवलं.

तेवढ्यात कॅमेरावाल्यानं भिंतीला टेकवलेली शिडी ओढली. "मॅडम, वरून अख्खी खोली मस्त दिसेल. माळ्यावर बसून एक शॉट घेतो."

"वर नको," रामहरी एकदम ओरडला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "उंदरं हायेत. फळ्या बी सडल्यात."

"पप्पा, काय सडल्यात? ज्वारीची पोती ठेवतोच ना आपण वर?" पंकजा चौकटीत उभी राहून म्हणाली. तिला वाटलं, पप्पा लाजतायत. कॅमेरावाला तोवर चार पायऱ्या चढून गेला होता. त्याचं डोकं माळ्याच्या वर होतं, धड खाली. रामहरीला नुसतं ते बिनडोक्याचं धड दिसत होतं.

"पोत्यांमागे ते काळं काय आहे हो?" वरून आवाज आला.

"देवाचं कापड हाय. हात लावू नका," रामहरी म्हणाला. कॅमेरावाल्यानं आपला हात झटकन मागे घेतला आणि तो खाली उतरला. देवाचं नाव पुढं केलं की लोक हात मागे घेतात, हे रामहरी वीस वर्षं जाणून होता. ह्या वेळी त्याला स्वतःची किळस आली.

"ठीक आहे," मनवा घड्याळ बघत म्हणाली. "तसेही ते येतीलच एवढ्यात."

"कोन?"

"छगनकाका. म्हणून तर शनिवार धरला. ते वर्षातून एकदा शनिवारीच येतात इकडे. तुम्हाला सांगितलं असतं तर मजा गेली असती."

रामहरी उठला, आणि माइकची वायर खुर्चीला अडकल्यावर परत बसला. बाहेर जायचं तर दुकानातून जावं लागणार. मागं गोठा. दार असतं तर लोटून, कडी घालून दोन मिनिटं श्वास तरी घेता आला असता. पडद्याला कसली कडी?

आणि पडदा सरकवून छगन आत आला.

केस पांढरे झाले होते, अंगावर टेम्पोचालकाचा खाकी सदरा होता. उजवा हात खिशात होता. दोन वर्षांपूर्वी रामहरीनं त्याला दुकानातून देवाच्या रांगेत पाहिलं होतं, असाच हात खिशात घालून उभा असलेला, आणि रामहरी तेलाच्या डब्यांमागे खाली बसून राहिला होता. गिऱ्हाईक ताटकळलं तरी उठला नव्हता.

"राम्या," छगन म्हणाला. रागाचं काही नव्हतं आवाजात. त्यानं खोलीभर पाहिलं. "डबे हायेत का रं आजून?"

"हायेत की," रामहरी कसाबसा म्हणाला.

मनवानं छगनला समोरच्या खुर्चीत बसवलं, माइक लावला आणि फारसे आढेवेढे न घेता विचारलं, "काका, लोक म्हणतात गिटार तुम्ही नेलीत. तुमचं काय म्हणणं आहे?" रामहरीला वाटलं, ह्या पोरीला कुणीतरी थांबवा. सुकन्या चहाचे कप घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

छगननं हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. अंगठा आणि दोन बोटं.

"म्या नेली न्हाई," तो म्हणाला. "आधी लई भांडलो. मग ही बोटं गेली. तवा मला बी वाटाय लागलं का, आपुनच नेली आसंल. झोपंत म्हना, पिऊन म्हना. देव काय येडा हाय का उगा कुनाची बोटं घ्यायला? मग दर साली येतो. तेल घालतो. म्हंतो, देवा, जे काय केलं आसंल मी, ते माफ कर. मला आठवत न्हाई, पन माफ कर."

कॅमेरावाल्यानं डोळा कॅमेऱ्यावरून काढला आणि परत लावला.

"ह्या दुकानातून तेल घेता?"

"न्हाई. ह्यो वळखंल आन् ह्याला वाईट वाटंल. पलीकडून घेतो. माझं सोडा वो. आईचं वाईट झालं. टोळीत बायका तिच्या म्होरं भांडी मोजून घ्यायच्या. आता ऐंशीची हाय, पन आजून बी कुनाच्या घरात एकटी बसत न्हाई. घरचं मानूस भाईर गेलं का ती बी उठती आन् वट्ट्यावर जाऊन बसती. भर उन्हात सुदीक. मी म्हंतो, आये, बस की आत. तर म्हंती, नगं बाबा, परत काय गेलं म्हंजी?"

रामहरीला छगनच्या आईची, रंगुबाईची, आठवण होती. पोरगं कुठं वाजवतंय ते बघायला ती एकदा इथं आली होती, बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. ह्याच खोलीत भिंतीला टेकून बसली होती, कानावर दोन्ही हात ठेवून, हसत.

इतकी वर्षं तो देवाची वाट बघत होता. देव काही करणार नव्हता. देवानं कुणाची बोटं घेतली नव्हती, कुणाची सोडली नव्हती. दोर तारेचा होता आणि तो शब्द रामहरीचा होता.

समोर पंकजा होती, पडद्याशी सुकन्या होती. पडद्यापलीकडे शनिवारची गर्दी, तेल मागणारे आवाज. इथं बोललेलं बाहेर ऐकू जातं, हे त्याला ठाऊक होतं. उद्या ह्या दुकानातून कोण तेल घेईल? पोरगी मैत्रिणींना काय सांगेल? हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याच वेळी त्याचे हात माइकची पिन काढत होते.

"काका, माइक असू द्या," मनवा म्हणाली.

"आसू दे मंग," असं म्हणून तो तसाच शिडीकडे गेला. चौथ्या पायरीवर तो थांबला, तेव्हा पंकजा म्हणाली, "पप्पा, उंदरं आहेत ना?" आणि हसली. तो वर चढला. पोती ढकलल्याचा आवाज आला, धूळ पडली. उतरताना त्याच्या काखेत ते काळं गाठोडं होतं.

गाठ सुटेना. वीस वर्षांत कापड कुजून गाठीतच घट्ट झालं होतं. शेवटी त्यानं ते फाडलं. लाल रंगाची गिटार, तारा गंजलेल्या, धवलनं चिकटवलेला विजेच्या चमकीचा स्टिकर तसाच.

सुकन्यानं कप खाली ठेवले, त्याचाच तेवढा आवाज झाला.

"म्या लपवली हुती," रामहरी म्हणाला. "तुमी मला सोडून पुन्याला निघाले हुते म्हनून. दोन दिसांनी देनार हुतो. मंग तुजी बोटं गेली आन्... मला जमलं न्हाई, छगन्या."

छगन उठला नाही. त्यानं गिटारीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. त्याचा जबडा हलत होता. रामहरीला वाटलं, आता मारेल, आणि मारावं असंही वाटलं. पण छगन मनवाकडे वळला.

"बंद करा ते."

मनवानं खूण केली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा गेला. मला वाईट वाटू नये म्हणून हा पलीकडून तेल घेत होता, एवढंच रामहरीच्या डोक्यात फिरत राहिलं. मग छगननं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"चालू करा," तो म्हणाला. "हे माझ्या आईला दाखवायचंय."

लाल दिवा परत लागला.

"बोल राम्या. गिटार कुनी चोरली?"

"म्या..."

"म्या कोन? त्या दिशी नाव घेतलं हुतंस ना? तसं नाव घे."

"रामहरीनं," रामहरी म्हणाला. शब्द ओठांतच राहिला.

"आईला कमी ऐकू येतंय," छगन म्हणाला. "मोठ्यानं."

रामहरीनं डोळे मिटले. ह्या खोलीत तो कधी ओरडला नव्हता. ओरडायचा धवल, वाजवायचा छगन, आणि हा मागे उभा राहून एक तार ओढायचा. त्यानं छाती भरून घेतली.

"रामहरीनं! रामहरीनं चोरली!"

आवाज चौकटीतून पुढच्या खोलीत गेला, तिथून दुकानात, दुकानातून रस्त्यावर. अडवायला मध्ये काहीच नव्हतं. बाहेरचा गलका थांबला. तेलाची बाटली हातात धरून उभी असलेली कुणी परगावची बाई मोठ्यानं विचारत होती, "कोन वो रामहरी?"

कामाचा माणूस खाली वाकून डबे लावायला लागला. पंकजा पडदा सरकवून पुढे दुकानात गेली. तिचा आवाज रडवेला होता, पण स्वच्छ ऐकू आला.

"माझे पप्पा," ती म्हणाली.